डाव्या मुठीतला ब्रेक

स्कूटर शिकायला येणाऱ्यांत सगळ्यात सोपी विद्यार्थिनी म्हणजे जिने आयुष्यात सायकलही चालवलेली नाही ती, असं मी म्हटलं की लोक हसतात. तोल सावरायला तिला वेळ लागतो, हे खरं. पण तिचे हात कोरे असतात. उजवीकडे पुढचा ब्रेक, डावीकडे मागचा, एवढं सांगितलं की हातांना तेवढंच ठाऊक राहतं. अवघड असतात ते साठीच्या आसपासचे काका. "मॅडम, मी बजाज चालवलेला माणूस. मला शिकवायचं काही नाही, फक्त एक चक्कर मारू द्या," असं म्हणत येतात. त्यांना मी पहिल्या सकाळी चालू इंजिनाची गाडी देतच नाही.

मुलुंड पूर्वेला आमचं छोटं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. माझे मिस्टर चारचाकी शिकवतात, मी दुचाकी. माझ्याकडे बहुतेक बायका येतात. शाळेतल्या शिक्षिका, हॉस्पिटलात ड्युटी करणाऱ्या सिस्टर, मुलांना क्लासला सोडणाऱ्या आया, आणि हल्ली सासूबाईसुद्धा. मिठागर रोडच्या बाजूच्या आतल्या रस्त्यांवर सकाळी दूधवाले आणि चालायला निघालेली मंडळी सोडली तर फारसं कुणी नसतं, तेवढ्या वेळात आमचं काम उरकतं. काका येऊ लागले ते अलीकडे. गुडघे दुखायला लागले, किक मारवेना, मग मुलानं किंवा सुनेनं बटणस्टार्ट गाडी घेऊन दिली, असे.

घाटकोपरचे एक काका आले तेव्हा त्यांच्या कोपराला पट्टी होती. बँकेतून निवृत्त झालेले, जुनी चेतक वर्षानुवर्षं सांभाळलेली. नवी गाडी शोरूममधून स्वतः चालवत घरी नेत होते. पंतनगरच्या वळणावर पुढे रिक्षा आडवी आली. वेग तसा काहीच नव्हता. "मी क्लच दाबला आणि गाडी लोळली," त्यांनी सांगितलं. त्या गाडीला क्लच नाहीच. त्यांनी दाबला तो मागचा ब्रेक, आणि क्लच जसा दाबायचा असतो तसा, म्हणजे एका दमात, मुठीपर्यंत. जुलैचा महिना, रस्त्यावर ओली पानं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि घसरलं. शोरूममध्ये त्यांना सीटखालची डिकी उघडून दाखवली होती, मोबाइल चार्जिंगची जागा दाखवली होती, हार घालून फोटोही काढला होता. डाव्या हाताला आता वेगळं काम आहे, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

बजाज ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या स्कूटरच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही असायचे. क्लचची दांडी दाबून धरायची आणि दांडीसकट अख्खी मूठच फिरवायची. वर फिरवली की पहिला, तिथून खाली आलं की न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्यात मनगट पार खाली वळलेलं असायचं. उजव्या मुठीला अॅक्सिलरेटर आणि तिच्या पुढे पुढचा ब्रेक. मागचा ब्रेक हाताला नाही, पायाला: उजव्या पायाखाली फळीतून वर आलेलं पेडल. थांबायचं म्हणजे डाव्या हाताने क्लच, उजव्या पायाने ब्रेक, हे दोन्ही एकदम. वीस-पंचवीस वर्षं हे केलं की ते डोक्यात राहत नाही, हातापायांत जाऊन बसतं. आता बिनगिअरच्या गाडीत क्लच गेला, गिअर गेला, पायाखालची फळी मोकळी झाली आणि मागचा ब्रेक डाव्या मुठीत आला. दांडी तीच, त्याच जागी, त्याच आकाराची. काम अगदी उलटं. क्लच दाबला की चाक मोकळं सुटतं, ब्रेक दाबला की ते धरलं जातं.

म्हणून काकांना मी गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून बसवते आणि गप्पा मारते. मध्येच ओरडते, "थांबा!" त्यांचा उजवा पाय त्या रिकाम्या फळीवर धाडकन आपटतो. दरवेळी. ते स्वतःच बघून हसतात. घाटकोपरच्या काकांचा पाय शांत व्हायला बऱ्याच सकाळी गेल्या. डावा हात मात्र त्याहून जास्त हट्टी निघाला. त्यांना मी एकच युक्ती दिली. डाव्या हाताची फक्त दोन बोटं दांडीवर ठेवायची, बाकीची मुठीवर. दोन बोटांनी क्लच कुणी दाबत नाही, त्यामुळे हाताला कळतं की हे काहीतरी वेगळं आहे. शिवाय चाक अडकेल इतका जोर दोन बोटांत सहसा येत नाही.

हा विषय माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे, कारण मी भांडुपची. आमचे बाबा लॅम्ब्रेटाच्या कारखान्यात फिटर होते. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया असं कंपनीचं पूर्ण नाव, पण भांडुपमध्ये कुणी ते उच्चारत नसे. १९५०च्या दशकात ही कंपनी इटलीच्या लॅम्ब्रेटाचे सुटे भाग जोडून स्कूटर बनवू लागली. आज ज्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात त्या जुन्या आग्रा रोडवर त्या काळी गाड्यांचीच रांग होती. कुर्ल्याला प्रीमियरची फियाट, भांडुपला लॅम्ब्रेटा. पलीकडे पश्चिम रेल्वेवर कांदिवलीला महिंद्रची जीप. उपनगरातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी या कारखान्यांत असायचंच. आता त्या जागांवर टॉवर पाहताना हे कुणाला सांगून खरं वाटत नाही.

बाबा केबलचं काम करायचे. क्लचची एक, गिअरच्या दोन, ब्रेकची, अॅक्सिलरेटरची, अशा सगळ्या केबल हँडलच्या पोटातून खाली जायच्या. ते सांगायचे, गिअर हातात देणं सोपं नव्हतं. पायाशी दिला तर दांडा थेट गिअरबॉक्सला जोडता येतो. हातात द्यायचा म्हणजे मुठीपासून इंजिनापर्यंत केबल ओढायची, ती ताणली तर सैल पडते, सैल पडली की गिअर चुकतो. मग हा खटाटोप कशासाठी? या पद्धतीचं श्रेय कोराडिनो द'अस्कानियो या इटालियन माणसाला जातं. विमानं आणि हेलिकॉप्टरचा अभियंता. त्याला मोटारसायकल आवडत नसे. पाय फाकून बसायचं, कपड्यांना तेल लागतं, चाक पंक्चर झालं की पंचाईत, या त्याच्या तक्रारी. १९४६ साली पियाज्जिओची व्हेस्पा बाजारात आली ती त्याने काढलेली. त्यात चालवणाऱ्याला मुठीवरून हात उचलायला न लागता गिअर बदलता यावा म्हणून गिअर डाव्या मुठीत दिला होता. बजाजने आकुर्डीला आधी पियाज्जिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवली, परवाना संपल्यावर १९७२ साली चेतक आणली, आणि डावी मूठ तशीच ठेवली. लॅम्ब्रेटाचीही तशीच होती. त्यामुळे एकीवर शिकलेला माणूस दुसरीवर बसला तरी हात अडखळत नसे. बाबांच्या पिढीला हा फार मोठा आराम होता, आणि तो आराम आहे हे त्यांना कधी जाणवलंही नाही.

तीच मूठ आपल्या रिक्षात गेली. रिक्षा हे खास उपनगरांचं वाहन. पश्चिमेला वांद्र्याच्या पुढे आणि पूर्वेला सायनच्या पुढे तिला शहरात मज्जाव आहे. पुढच्या वेळी बसाल तेव्हा चालकाच्या डाव्या हाताकडे बघा. क्लच दाबून मूठ वर-खाली फिरवतोय, ती व्हेस्पाचीच चाल आहे. ब्रेक उजव्या पायाला. उजव्या हाताला फक्त अॅक्सिलरेटर, तिथे ब्रेकची दांडी नाही. आणि डाव्या पायाला तर अख्ख्या रिक्षात काही काम नाही. म्हणून कित्येक रिक्षावाले डावा पाय दुमडून सीटवर घेऊन बसतात. लोक त्याला बेशिस्त म्हणतात. मला वाटतं, ज्या पायाला दिवसभर कामच दिलेलं नाही तो दुसरं काय करणार?

आमच्याकडे स्कूटर शिकलेली भांडुपची एक बाई पुढे रिक्षा चालवू लागली. ठाण्या-मुलुंडकडे बायकांच्या अबोली रंगाच्या रिक्षा दिसू लागल्या तेव्हाची गोष्ट. हिचा हात स्कूटरवर छान बसलेला, बाजारात, गर्दीत बिनधास्त चालवायची. रिक्षा शिकताना मात्र घाबरून माझ्याकडे आली. "ताई, उतारावर थांबवायला गेले तर ती जास्तच पळाली." तिने डावी दांडी दाबली होती. तिच्या हाताला ती ब्रेक म्हणून ठाऊक, रिक्षात तो क्लच. क्लच दाबल्यावर इंजिनाचा जो थोडाफार आवर होता तोही सुटला आणि रिक्षा मोकळी घरंगळली. शेजारी नवरा बसलेला होता, त्याने तिला पायाच्या ब्रेकची आठवण करून दिली म्हणून निभावलं. काकांना नको असताना ब्रेक लागला, हिला हवा असताना लागला नाही. दोघांनीही आपापल्या जुन्या गाडीवर जे बरोबर तेच केलं होतं. दोघांत हिचा प्रकार जास्त धोक्याचा, कारण मागे तीन माणसं बसलेली असतात.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचं लायसन्स दोन प्रकारचं आहे, बिनगिअरचं आणि गिअरचं. बिनगिअरचं असलेल्या माणसाला गिअरची गाडी चालवायची तर पुन्हा लर्निंग काढा, पुन्हा आरटीओत चाचणी द्या. योग्यच आहे. पण गिअरचं लायसन्स असलेला माणूस बिनगिअरची गाडी सरळ चालवू शकतो. त्याला कुणी काही विचारत नाही. विचार असा की अवघड येतं त्याला सोपं येणारच. कागदावर हे पटतं. रस्त्यावर मात्र अडचण अवघड-सोप्याची नसतेच, दांडी तीच आणि काम वेगळं याची असते. कोरी मुलगी माझ्याकडे किंवा कुणाकडे तरी शिकून, अंधेरी नाही तर वडाळा आरटीओत आठचा आकडा काढून रस्त्यावर येते. ज्याचे हात पूर्ण उलटे वळलेले आहेत तो माणूस मात्र शोरूममधून थेट एलबीएस रोडवर. हे मला साफ चूक वाटतं. नवी चाचणी घ्या असं मी म्हणत नाही, आरटीओतल्या रांगा आधीच कमी नाहीत. पण गाडी ताब्यात देताना दहा मिनिटं स्टँडवर सराव करून घेणं विकणाऱ्यावर बंधनकारक करायला काय हरकत आहे?

चारचाकीतही हाच गोंधळ आहे, फक्त तो जिवावर बेतत नाही, हशावर निभावतो. माझे मिस्टर शिकले ते कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीवर. तिचा गिअर जमिनीतून वर आलेला नव्हता, स्टेअरिंगच्याच डाव्या बाजूला दांडा होता. त्यामुळे पुढे सलग बाकडं होतं आणि लग्नाच्या वरातीत पुढेच तिघे बसायचे. त्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा गिअर शोधत स्टेअरिंगच्या बाजूला हवेत हात मारणारे अनेक जण आपण पाहिलेत, असं मिस्टर सांगतात.

आता त्यांच्या विद्यार्थ्यांचा त्रास इंडिकेटरचा. आमच्या स्कूलची गाडी मारुतीची, तिच्यात इंडिकेटरची दांडी स्टेअरिंगच्या उजवीकडे, वायपरची डावीकडे. ह्युंदाईतही तसंच. शिकून झाल्यावर कुणी फोक्सवॅगन किंवा स्कोडा घेतली की दांड्यांची अदलाबदल. मग डिसेंबरच्या कोरड्या सकाळी मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नलला वळताना वायपर खरखर काच पुसू लागतात आणि मागचा माणूस हॉर्न वाजवतो, कारण इंडिकेटर लागलेलाच नसतो.

यामागचं कारण मिस्टरांनी मला फळ्यावर काढून समजावलं होतं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, गिअर डाव्या हाताला येतो. म्हणजे उजवा हात मोकळा, इंडिकेटर त्याला दिला. जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यांच्या गाड्यांत हीच मांडणी, आणि मारुतीबरोबर तीच आपल्याकडे आली. युरोपात बहुतेक देशांत चालक डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताला, म्हणून इंडिकेटर डाव्या हाताला. तिथेही हिशेब बरोबरच. पण तीच गाडी आपल्यासाठी बनवताना स्टेअरिंग उजवीकडे आणलं, पेडलं आणली, दांड्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. परिणाम असा की गिअरही डाव्या हाताने, इंडिकेटरही डाव्याच हाताने, आणि उजवा हात पाहुण्यासारखा बसलेला. हातांनी चालवायची बटणं-दांड्या मोटारीत कुठे असाव्यात याचं एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, ४०४० क्रमांकाचं. तरी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही तऱ्हांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि घरात दोन गाड्या असल्या तर नवरा-बायको वायपरवरून भांडतात.

अलीकडे मिस्टरांकडे रिक्षावाले पुष्कळ येतात. रिक्षा भावाला देऊन अॅपवाली टॅक्सी चालवायची असते. रस्ता त्यांना तळहातासारखा पाठ, अंदाज पक्का. अडतं ते डाव्या पायाशी. इतकी वर्षं दुमडून ठेवलेल्या पायाला अचानक क्लच सांभाळायचा असतो. आणि घाईत असले की त्यांचा उजवा हात स्टेअरिंगची कड पिळतो. अॅक्सिलरेटर द्यायला! मिस्टर म्हणतात, त्यांना ओरडून उपयोग नसतो, हात विसरायला त्याचा वेळ घेतो.

मागच्या एका पावसाळ्यानंतर मुलुंड पश्चिमेची एक मुलगी आली. दोन्ही पायांत पोलिओ, कॅलिपर लावून चालणारी, अंधेरीला नोकरी. लोकलच्या गर्दीला कंटाळलेली. तिच्यासाठी बिनगिअरच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवून घेतली. माझ्या लक्षात आलं की तिच्यासाठी बाकी काही बदलायची गरजच नव्हती. दोन्ही ब्रेक हातात, गिअर नाही, किक नाही, पायांना काम शून्य. बजाजच्या काळात असं नव्हतं. तेव्हा मागचा ब्रेक पायाला असल्यामुळे अशा माणसाला आधी गॅरेजवाला गाठावा लागे. तो पेडलपासून वर एक जादा दांडा किंवा केबल काढून देई, ज्याचा त्याचा आपापला नमुना. दोन माणसांच्या दोन गाड्या कधी सारख्या नसत. काकांना ज्या बदलाने पाडलं त्याच बदलाने या मुलीला रस्ता मोकळा करून दिला. पुढे तिने गाडीही घेतली, तिच्यात हाताने चालवायची जोडणी बसवली. स्टेअरिंगखाली एक दांडा, पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की अॅक्सिलरेटर. मी विचारलं, उलटं का नाही? तर तिने ताबडतोब सांगितलं, "मॅडम, ब्रेक लागला की अंग पुढे जातं ना. पुढे जाणाऱ्या हाताने ब्रेक सुटता कामा नये, उलट जास्त लागला पाहिजे." असा विचार करून जागा ठरवलेली पाहिली की मला बरं वाटतं. कायद्यात अशा गाडीला पूर्वी अपंगांची गाडी म्हणत, २०१९च्या दुरुस्तीनंतर जुळवून घेतलेलं वाहन असा वर्ग आला आहे.

बायकांच्या हातांची एक वेगळीच अडचण आहे आणि ती त्यांच्या वडिलांनी-भावांनी घातलेली आहे. "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील." ज्या मुलीला लहानपणी सायकल मिळाली तिला हे वाक्यही सायकलीबरोबर मिळालेलं असतं. मग ती उजव्या दांडीला हातच लावत नाही, सगळी भिस्त डाव्या दांडीवर. खरं तर थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, आणि जोरात थांबवायचं काम पुढचा ब्रेकच नीट करतो. वळताना, वाळूवर, ओल्या मॅनहोलच्या झाकणावर तो एकदम दाबू नये, एवढंच. आपली ही सवय ओळखूनच असेल, १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक जोडून देणं सक्तीचं झालं. बहुतेक स्कूटरमध्ये डावी दांडी दाबली की पुढचाही थोडा लागतो. चांगला नियम आहे. पण गाडी जुनी असेल तर ही सोय नसते, आणि मैत्रिणीची गाडी घेऊन निघालेल्या मुलीला ते माहीत नसतं.

सायकलीच्या दांड्यांचंही जगभर एक नाही, हे मला भाच्यामुळे कळलं. तो अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तिकडे सायकलचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. डोंबिवलीत वाढलेला मुलगा, डावीकडचा मागचा समजून जोरात दाबायचा. आता त्याने दुकानातून केबल उलट्या लावून घेतल्यात. त्याची बायको ती सायकल चालवत नाही, हे सांगायला नको.

बटणांबद्दल फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी सांगते. स्कूटर सुरू करताना ब्रेक दाबल्याशिवाय बटण काम करत नाही, याचा शिकणाऱ्यांना राग येतो. "बिघडलीय का हो?" असं रोज कुणीतरी विचारतं. ती सोय आहे म्हणून कित्येक जणी भिंतीवर आदळायच्या वाचल्या आहेत, कारण घाबरलेली मूठ आवळली जाते आणि आवळलेली उजवी मूठ पिळली जाते. त्याच कारणाने इंजिन चालू ठेवून, उजव्या मुठीला धरून गाडी स्टँडवरून काढायची नाही, हा माझा पहिला नियम. विजेच्या स्कूटरना तर दुप्पट लागू. इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे गाडी जिवंत आहे हे कळतच नाही, आणि जरा मूठ वळली की ती उडी घेते. दुसरी गोष्ट हॉर्नची. डाव्या अंगठ्याखाली वर इंडिकेटर आणि खाली हॉर्न अशी सवय असताना काही कंपन्यांनी त्यांची अदलाबदल केली. वळायला निघालेली बाई पुढच्या आजोबांच्या पाठीत हॉर्न मारते, आजोबा वळून बघतात, बाई ओशाळते. या बदलाने कुणाचं काय भलं झालं, मला आजवर उमगलेलं नाही.

घाटकोपरचे काका आता व्यवस्थित चालवतात, देवळात आणि भाजीला. मोकळ्या वेळात त्यांनी सोसायटीतल्या आपल्या वयाच्या तिघांना स्टँडवर बसवून "थांबा!" म्हणून ओरडायचं काम अंगावर घेतलंय.

तुमच्या घरात बजाज चालवलेले बाबा, काका किंवा आजोबा असतील आणि त्यांना नवी स्कूटर घेऊन देणार असाल, तर किल्ली हातात देण्याआधी एवढं करा. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा, त्यांना सीटवर बसवा. इकडचं तिकडचं बोलता बोलता अचानक "थांबा" म्हणा, आणि त्यांच्या उजव्या पायाकडे नि डाव्या मुठीकडे बघा. पाय फळीवर आपटला किंवा डावी मूठ पुरी आवळली गेली, तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर नेऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवा.